परमुलखातला गल्ला

हॉटेल, खानावळ, मद्यगृह या जागांविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून. एका चहावर तासन्‌तास बसणारा कवी, दुसऱ्या पेल्यानंतर बोलका होणारा नायक, उधारीवर दिवस काढणारा बेकार पदवीधर ही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. गल्ल्यावरचा माणूस मात्र बहुधा पार्श्वभूमीला असतो. कधी चिक्कू, कधी प्रेमळ, आणि दोन्ही वेळा उच्चारांमुळे किंचित हास्यास्पद. तो परमुलखातला असेल तर विचारायलाच नको. येथे यजमान परका असतो आणि पाहुणा स्थानिक. घर चालवणाऱ्याकडेच घराचा अधिकार नसतो.

मुंबईचे इराणी हे याचे ठळक उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी याझ्द-केरमानच्या कोरड्या मुलखातून आलेल्या या झरथुष्ट्री माणसांनी, चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या शहरात दुकाने थाटली. नाक्यावरच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या असे सांगतात. ही दंतकथा असली तरी परक्याच्या वाट्याला उरलेली जागा येते, एवढे तिच्यातून कळतेच. कयानी १९०४ सालचे, ब्रिटानिया १९२३ सालचे. कुलाब्याचे लिओपोल्ड त्याहून जुने, १८७१चे. इंग्रजांच्या राज्यात इराण्यांनी काढलेले आणि बेल्जमच्या राजाचे नाव दिलेले हे दुकान आधी खाद्यतेलाची घाऊक विक्री करी. पुढे उपाहारगृह, औषधांचे दुकान अशी रूपे घेत ते आज बिअरसाठी ओळखले जाते. ‘शांताराम’ (२००३) या कादंबरीने ते जगभर नेले, पण तेथेही पुन्हा गिऱ्हाइकाचीच खुर्ची! २६ नोव्हेंबर २००८ रोजी तेथे गोळीबार झाला, माणसे मेली, आणि काही दिवसांतच मालकांनी दार पुन्हा उघडले. गोळ्यांच्या खुणा त्यांनी बुजवल्या नाहीत.

चहा-मस्क्यावर भागेनासे झाले तेव्हा पुष्कळ इराणी हॉटेलांचे बिअर बार झाले. मद्य विकणारा परका आणि चहा विकणारा परका यांत फरक आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९चा, आणि महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. त्यामुळे मद्यपान हा आपल्याकडे नियम नव्हे, परवान्याने मिळालेला अपवाद आहे. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. परदेशी नागरिकासाठी या कायद्याने परवान्याची निराळी वाट ठेवली होती. म्हणजे पिणारा परका कायद्याला समजू शकत होता. पाजणारा परका मात्र कायद्याच्या आणि शेजाऱ्यांच्या दुहेरी संशयात राहतो. त्याच्या गिऱ्हाइकाने गोंधळ घातला तरी बदनामी त्याची, आणि त्याने गिऱ्हाइकाला बाहेर काढले तर ‘बाहेरून येऊन आम्हाला शिकवतो’ हे ऐकायची तयारीही त्याचीच.

अशा माणसाचा स्वतःचा आवाज साहित्यात कोठे सापडतो? आमच्या माहितीत एक जागा आहे. निसीम इझिकेल यांनी इराणी हॉटेलातील सूचनाफलकाचीच कविता केली. अमुक करू नये, तमुक करू नये, अशा मनायांची ती यादी. कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर यांनीही इराणी हॉटेलावर इंग्रजीत कविता लिहिली, परंतु तिथे पाहणारी नजर कवीची आहे. इझिकेलांच्या कवितेत मालक बोलतो, निदान त्याची पाटी बोलते. तौलनिक साहित्याच्या तासाला ही कविता आम्ही मराठीतून समजावून देतो तेव्हा वर्ग हमखास हसतो. मोडके इंग्रजी, ऐटदार हुकूम, आणि हॉटेलात केस विंचरण्यालाही बंदी! विडंबन म्हणून ती वाचणे सोपे जाते, आणि समीक्षेनेही बरेचदा तेवढेच केले आहे.

आमच्यापैकी एकाच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी हसली नाही. तिचे वडील उडुपीकडचे. शहराबाहेर रस्त्यालगत त्यांची परमिट रूम आहे. ‘परदेश’ हा शब्द पारपत्रापुरता ठेवला तर हे उदाहरण येथे बसणार नाही. जुन्या मराठीतल्या ‘परमुलूख’ या शब्दात ते नीट बसते. घरात तुळू, गल्ल्यावर मराठी, पुरवठादारांशी हिंदी. गिऱ्हाइके त्यांना ‘अण्णा’ म्हणतात. वीस वर्षांत त्यांचे नाव कोणी विचारले नाही, असे ती सांगत होती.

तास संपल्यावर ती म्हणाली, “सर, आमच्याकडची पाटी मी लिहिलीये. पाचवीत होते. घरात मराठी लिहिता मला एकटीलाच यायचं.” उधार मागू नये, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, वेळ संपल्यावर बसू नये, अशा सहा ओळी. तिने प्रत्येक ओळीच्या आधी ‘कृपया’ लिहिले होते, शाळेत शिकवल्याप्रमाणे. वडिलांनी ते सगळीकडून खोडायला लावले. विनंती केली की माणूस वाटाघाटीला बसतो, आणि वाटाघाटी करण्याइतकी मराठी आपल्यापाशी नाही, हे त्यांचे कारण. स्थानिक मालक गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्या वडिलांची ओळख काढून, एखादी शिवी हसत देऊन त्याला उठवू शकतो. परक्याला त्यासाठी भिंत लागते. आम्ही इझिकेलांची कविता पंधरा-सोळा वर्षे शिकवत आलो; तिच्यातील उद्धटपणाचा हा अर्थ कोणत्याही टीकाग्रंथातून आमच्यापर्यंत आला नव्हता.

त्या मुलीने पुढे प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी येथील परमिट रूम आणि उडुपी हॉटेलांतल्या पाट्या तिने उतरवून आणल्या. तोंडी परीक्षेला एका परीक्षकांनी विचारले, “हे साहित्य कसे?” ती क्षणभर थांबली आणि तिने वहीतली पहिली पाटी वाचून दाखवली. घरची. त्या प्रतीत खोडलेले ‘कृपया’ तिने सहाही ठिकाणी कंसात परत लिहिले होते.