खांबाजवळचे दाणे

आमच्या घराच्या पत्त्यात पेठेचे नाव आहे, गल्लीचेही आहे. परंतु नव्या माणसाला वाट सांगताना आम्ही सारे ‘खांबाचे घर’ एवढेच सांगतो. खाली धान्याची पेढी, वर राहती जागा आणि रस्त्याकडच्या गॅलरीला जवळजवळ टेकून उभा असलेला विजेचा लोखंडी खांब. मी सून होऊन या घरात आले, तेव्हा वाटे, कोणी हा खांब आमच्याच दारात आणून रोवला! पुढे घराची जुनी कागदपत्रे पाहताना उलगडा झाला. खांब आधीचा होता. आजेसासऱ्यांनी मागाहून गॅलरी वाढवली होती. खांब आमच्याकडे आला नव्हता. आम्हीच त्याच्याकडे सरकलो होतो.

सासूबाईंचा ४० वर्षांचा नेम होता. सूर्योदयानंतर सामायिक आटोपले की त्या गॅलरीच्या कठड्यावर ओंजळभर ज्वारी पसरत. पारव्यांना ती वेळ पाठ झाली होती. दाणे पडण्याआधीच ते खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर दाटीवाटीने येऊन बसत. त्यांचे घुमणे ऐकत आमच्या मुलांची सकाळ उजाडे. या घरातून कोणी जीव उपाशी जात नाही, याचे आम्हांला मनोमन समाधान होते.

दोन वर्षांपूर्वी पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पावसाची रिमझिम चालू होती. अचानक मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि सारी गल्ली अंधारली. एक पारवा खांबाखाली निष्प्राण पडला होता. दुसरा वर पट्टीवर अडकून लोंबत होता. तो जिवंत असेल या आशेने माझा दहा वर्षांचा मुलगा कपडे वाळत घालण्याचा ओला बांबू घेऊन कठड्यावर चढला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला नसता, तर काय झाले असते, हा विचार आजही मनात आणवत नाही. त्या क्षणी तारेत वीज होती की नव्हती, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. लेकराच्या मनात केवळ दया होती.

वायरमन आला. प्रवाह बंद असल्याची खात्री करून त्याने पक्षी खाली उतरवला. तोही गेलेला होता. मी त्याला विचारले, “पाखरे तर रोजच तारांवर बसतात, मग आजच असे का?” त्याने समजावून सांगितले : एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला धोका नसतो, कारण त्याच्या दोन्ही पायांपाशी विजेचा दाब सारखाच असतो. मात्र खांबाची लोखंडी पट्टी जमिनीशी जोडलेली असते. तिच्यावर बसून पंख किंवा चोच वरच्या ११ हजार व्होल्टच्या तारेला लागली, की प्रवाह त्याच्या देहातून जमिनीत उतरतो. दोन तारांना एकदम स्पर्श झाला तरी तेच. पंख पावसाने भिजलेले असले म्हणजे धोका अधिक. मग सासूबाईंकडे वळून तो संकोचाने म्हणाला, “आजी, दाणे इथं पडतात म्हणून ही इथं बसतात.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर त्या बराच वेळ कटासण्यावरून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयंबिल केले. रात्री मला जवळ बोलावून म्हणाल्या, “दाणे किती घातले, ते आपण पेढीच्या वहीत मांडतो. पाखरे किती पडली, ते कुणी मांडले?”

मला आठवले, पहाटे अंगण झाडताना पूर्वीही मेलेला पारवा सापडे. कधी आम्ही मांजरावर दोष ठेवला, कधी खांबावर. आम्ही व्यापारी माणसे. पण या वहीत वर्षानुवर्षे जमेचीच बाजू लिहीत राहिलो. विजेचा प्रवाह सचित्त तेउकाय की अचित्त, याविषयी आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पारवा पंचेंद्रिय जीव आहे, याविषयी कोणाचे दुमत असणार?

दुसऱ्याच दिवशी दाणे आणि पाण्याचे कुंडे मागच्या गोदामाच्या गच्चीवर गेले. तिथे जवळपास एकही तार नाही. पंधरा दिवस पारवे जुन्या जागीच येत राहिले. रिकाम्या कठड्याकडे पाहणे सासूबाईंना जड जाई. त्या पाठ फिरवून माळ जपत बसत. हळूहळू पाखरांनी वाट बदलली.

सुरक्षा नियमांप्रमाणे ११ हजार व्होल्टची तार इमारतीपासून आडव्या अंतराने किमान १.२ मीटर दूर असावी लागते. आम्ही मोजले, तेव्हा अंतर कमी भरले. तारेवर आवरण चढवावे आणि खांब हलवावा, असा अर्ज केला. खर्च अर्जदाराचा, असे उत्तर आले. घरात चर्चा झाली. धाकटे दीर म्हणाले, “खांब सरकारी, खर्च आपण का सोसायचा?” सासूबाई म्हणाल्या, “गॅलरी आपली आहे.” मग यजमानांनी सुचवले की रक्कम जीवदयेच्या खात्यातून द्यावी. त्यालाही त्यांनी मान हलवून नकार दिला. “ते पैसे जीवांचे आहेत. चूक आपली, सोयही आपली. घरखर्चात मांडा.”

लहानपणापासून साध्वीजींच्या तोंडून ‘जयणा’ हा शब्द ऐकत आले होते. पाणी गाळणे, चूल पुंजणे, दिवा झाकणे, एवढ्यापुरताच तो मला समजला होता. जीवदयेलाही जयणा लागते, हे मला त्या सकाळी कळले. आपल्याही घरी गॅलरीत वा गच्चीवर पाखरांना दाणे घालण्याचा नेम असेल, तर एकदा मान वर करून पाहावे, ही विनंती.

तारेवर आता आवरण चढले आहे. खांब हलायचा आहे; त्याची रक्कम भरून झाली आहे. सकाळी खांबावरची पट्टी रिकामी असते, आणि घुमण्याचा आवाज मागच्या गच्चीवरून येतो.