सरकारी बिशप आणि बिशप पामर

मी मराठी ख्रिस्ती. घराणे नगर जिल्ह्यातले, राहणे मानखुर्दला. 'तुमचा धर्म इंग्रज सरकारने पोसला' हे वाक्य मी शाळेत ऐकले, नोकरीत ऐकले, आणि बिशपांपुरते ते मला खरेही वाटत आले. गावोगाव पायी फिरलेल्या आमच्या पाळकांची आणि बायबलबाईंची बाजू मी तावातावाने मांडत असे. अँग्लिकन बिशपांची कधीच नाही.

त्या मताला आधार होता. 1833 च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रासला बिशप नेमायची तरतूद केली आणि पगार ठरवला वर्षाला 24,000 सिक्का रुपये, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. ज्या रयतेचा या बिशपांशी काही संबंध नव्हता, तिच्या शेतसाऱ्यातून ही रक्कम जायची. नेमणूक राजाच्या सनदेने व्हायची. 1837 साली टॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले आणि सेंट थॉमस चर्च कॅथीड्रल बनले. चर्चगेट हे नाव ज्याच्यामुळे पडले, तेच हे देऊळ. पुढे पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवू नये, असा आक्षेप घेणाऱ्यांत मुंबईचे बिशप माइल्न होते. तो आक्षेप मला आजही बोचतो.

माझे मत बदलले ते एडविन जेम्स पामर यांच्यामुळे. 1908 ते 1929 एवढा काळ ते मुंबईचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजचे फेलो. एक काका इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झालेले. सत्तेच्या इतक्या जवळ जन्मलेल्या माणसाने सरकारी आधाराला घट्ट धरून राहणे स्वाभाविक होते. पामर यांनी आपली उमेद उलट दिशेला लावली. हिंदुस्थानातली अँग्लिकन मंडळी तेव्हा कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडचा भाग होती. इथल्या लोकांनी आपले नियम करावेत, आपला बिशप निवडावा, याला वावच नव्हता. ही गाठ सोडवण्याच्या कामात पामर पुढे होते. 1927 साली ब्रिटिश पार्लमेंटने इंडियन चर्च अ‍ॅक्ट मंजूर केला आणि 1 मार्च 1930 पासून इथली अँग्लिकन मंडळी स्वतंत्र झाली. तिला स्वतःची घटना मिळाली, स्वतःची धर्मसभा मिळाली.

ज्या सनदेने स्वतःला खुर्ची दिली, तीच सनद निकामी करायला झटणारा अधिकारी मला त्या काळात दुसरा चटकन आठवत नाही. कायदा अमलात आला तेव्हा पामर मुंबईत नव्हतेही. आदल्याच वर्षी ते पद सोडून मायदेशी गेले होते.

पामर यांचे दुसरे काम, मंडळ्यांच्या एकीकरणाचे, मला अधिक जवळचे आहे. नगरकडे एकाच गावातले, एकाच भावकीतले लोक कोणी अमेरिकन मराठी मिशनचे तर कोणी एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनचे झाले. ज्या मिशनची शाळा, ती आपली मंडळी. रेव्हरंड ना. वा. टिळकांना या भिंती सोसवेनात, म्हणून 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. पामर यांचा मार्ग वेगळा, समित्यांचा आणि मसुद्यांचा. दक्षिण हिंदुस्थानातल्या मंडळ्यांच्या एकीकरणाची योजना आखणाऱ्यांत अँग्लिकन बाजूने ते प्रमुख होते. बिशपपदावर त्यांची गाढ श्रद्धा होती. तरीही, बिशपाच्या हातून दीक्षा न घेतलेल्या पाळकांना एकत्रित मंडळीत तसेच सामावून घ्यावे, या तडजोडीचे त्यांनी समर्थन केले. इंग्लंडमधल्या कट्टर अँग्लिकनांना हे मुळीच रुचले नाही. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, ते पाहायला पामर हयात होते. आपल्याकडे तो दिवस 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उगवला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात नगरच्या दोन्ही मिशनांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. माझ्या आजोळचे आणि वडिलांकडचे लोक तेव्हापासून एकाच मंडळीचे.

सगळेच आक्षेप मी मागे घेतलेले नाहीत. 1930 नंतरही लष्करासाठी नेमलेल्या चॅप्लेनांचा पगार सरकारी तिजोरीतूनच निघत राहिला. दोर्नाकलला अझरायांच्या रूपाने 1912 सालीच पहिला भारतीय अँग्लिकन बिशप झाला. मुंबईत मात्र स्वातंत्र्यानंतरही विल्यम लॅश आणि त्यांच्यामागून ख्रिस्तोफर रॉबिन्सन हे इंग्रजच बसले. लॅश पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमातून आलेले, साधेपणाने राहणारे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या खुर्चीवर मराठी माणूस तेव्हाच बसायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या मंडळ्यांतल्या पाळकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दृढीकरणाच्या वर्गात मुलांना 1833 चा कायदा शिकवा, रमाबाईंवरचा आक्षेपही सांगा, आणि त्याच तासाला 1 मार्च 1930 ही तारीख फळ्यावर लिहा. सरकारने पोसलेला धर्म असा टोमणा त्यांनाही कोणीतरी मारणारच आहे.