माझ्याकडे तर बरोबर दिसतंय

संकेतस्थळं बनवण्याच्या कामात पडलो तेव्हा एडिटरमध्ये दिसतं तेच खरं पान, अशी माझी पक्की समजूत होती. ब्राउझरमध्ये काही वेगळं दिसलं की दोष ब्राउझरचा. तक्रार करणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय." त्या समजुतीपायी लोकांना झालेला त्रास मोकळेपणाने सांगायला हवा, कारण हे काम नव्याने शिकणारी मुलं आजही त्याच वाटेने येताना दिसतात.

२००४ च्या अखेरीस फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली, त्याच सुमाराची गोष्ट. एका सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ मी केलं होतं. ७६० पिक्सेल रुंदीची चौकट, डावीकडे १८० चा मेनू, उजवीकडे ५८० चा मजकूर. बेरीज चोख. दोन्ही रकान्यांना चारही बाजूंनी १० पिक्सेलचं पॅडिंग आणि १ पिक्सेलची बॉर्डर. एडिटरमध्ये पान रेखीव, प्रीव्ह्यूत तसंच, इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही तसंच. मग एका वाचकाने ते फायरफॉक्समध्ये उघडलं. मजकुराचा रकाना मेनूच्या खाली घसरलेला, वर उजवीकडे नुसती पांढरी जागा. सभासदत्वाचा अर्ज सापडत नाही, असं त्याने ग्रंथपालांना कळवलं आणि त्यांनी मला फोन केला. "त्यांना म्हणावं, एक्स्प्लोरर वापरा," मी सांगून मोकळा झालो. वर मुखपृष्ठाच्या तळाशी तशी सूचनाही टाकली.

चूक माझ्या हिशेबात होती. डिसेंबर १९९६ मध्ये पानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएसचं पहिलं प्रमाण आलं, तेव्हापासून विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर वेगळी. म्हणजे माझा १८० चा रकाना प्रत्यक्षात २०२ चा आणि ५८० चा ६०२ चा. दोघांचे मिळून ८०४ पिक्सेल ७६० मध्ये मावणार कसे? फायरफॉक्सने दुसरा रकाना खाली ढकलला, तो नियमाला धरूनच. जुना एक्स्प्लोरर मात्र पॅडिंग आणि बॉर्डर विड्थमध्येच धरायचा. त्याच्या सहाव्या आवृत्तीत हा हिशेब सुधारला होता, पण पानाच्या सुरुवातीला योग्य डॉकटाइप, म्हणजे पान कोणत्या प्रमाणानुसार लिहिलंय हे सांगणारी ओळ, असेल तरच. तो नसला की पान जुन्या काळातलं समजून जुन्याच पद्धतीने मांडलं जायचं. माझ्या पानावर डॉकटाइप नव्हताच. शिवाय माझ्या एडिटरच्या प्रीव्ह्यूमागे इंजिन होतं तेही एक्स्प्लोररचंच. पान अनेक ठिकाणी तपासलं असं मी मानत होतो आणि खरं तर एकाच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा विचारत होतो.

हे कळल्यावर तरी शहाणपणाने वागायचं! मी एक तयार साचा उचलला, डॉकटाइपसकट. त्या साच्यात डॉकटाइपच्याही आधी एक्सएमएलची एक ओळ होती. ती वर असली की एक्स्प्लोरर ६ डॉकटाइप नसल्यासारखाच वागतो, हे मला माहीत नव्हतं. फरक पडेना, तेव्हा डॉकटाइपचा काही उपयोग नाही असं ठरवून मी तो काढून टाकला आणि रिकाम्या जागा, पारदर्शक चित्रं, एकात एक टेबलं घालून पान ठाकठीक करत बसलो. एका ब्राउझरमध्ये बसवलं की दुसऱ्यात उसवायचं.

मराठी मजकुराने आणखी एक चूक उघडी पाडली. "नवीन पुस्तकं" या चौकटीची उंची मी पिक्सेलमध्ये बांधून दिली होती. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रांना आणि खाली उकारांना जागा लागते. त्यात फॉण्ट बदलला की ओळींची उंची बदलते आणि मजकूर वाढतो. एक्स्प्लोरर ६ अशी चौकट स्वतःहून ताणायचा, म्हणून मला काही जाणवलं नाही. फायरफॉक्सने सांगितलेली उंची पाळली आणि शेवटच्या ओळी खालच्या शीर्षकावर चढल्या. वाचनालयातल्या संगणकावर तर फायरफॉक्समध्ये "विचार" या शब्दाची वेलांटी "व"च्या उजवीकडे जाऊन पडली होती. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. माझ्या संगणकावर ती मी कधीच सुरू करून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. वाचकाच्या संगणकावर काय आहे, हा प्रश्नच तोवर मला पडला नव्हता.

वाचनालयाचं पान शेवटी नव्याने लिहिलं आणि तळाची सूचना काढली. पण त्याच साच्यावर इतर संस्थांनाही पानं करून दिली होती. त्यांच्याकडून तक्रार आली नाही, म्हणून मी तिकडे फिरकलो नाही. याची खंत वाटते. पान उघडून अर्ज न सापडल्याने परत गेलेली माणसं कोणाकडे तक्रार करणार?

आता पहिल्या ओळीत डॉकटाइप असतो, त्याच्या आधी काही नाही. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स लिहितो, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर विड्थमध्येच धरली जाते. जुन्या एक्स्प्लोररचाच हा हिशेब, पण आता तो प्रमाणात आहे आणि मी तो गृहीत न धरता लिहून मागतो. मजकुराच्या चौकटीला उंची बांधत नाही. हाताखालच्या मुलांना एडिटरचा प्रीव्ह्यू दाखवू देत नाही. पान आधी घरच्यांच्या जुन्या फोनवर उघडायला लावतो, अक्षरं मोठी करून.