मंडपेश्वरचा क्रूस

दिव्याहून वसईला जाणारी गाडी कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र करत एका जुन्या सरहद्दीला वळसा घालते. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि साष्टी बेटही त्यांच्याकडे गेले. पुढची दोनशे वर्षे खाडीपलीकडे फिरंग्यांचे राज्य होते. दिवा अलीकडच्या काठावर राहिला.

पलीकडे, बोरिवलीत मंडपेश्वर आहे. साधारण आठव्या शतकातले शिवाचे लेणे. नाचणारा शिव अजून ओळखू येतो. डावीकडच्या भिंतीवर मात्र शिल्पाच्या जागी दगडात कोरलेला मोठा क्रूस आहे. सोळाव्या शतकात आंतोनियो द पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री इथे आला, लेण्याचे चर्च झाले आणि वर मठ उभा राहिला. मठाच्या बिनछपराच्या भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर आहेत.

त्या क्रूसासमोर मला आधी राग येतो. कुणाचा तरी देव छिन्नीने खरवडून काढायचा, हा जुलूमच. त्याला दुसरे नाव नाही. पण मग छिन्नी धरणाऱ्याचा विचार मनात येतो. लिस्बनहून पाथरवट आणले असतील असे मला वाटत नाही. ते हात इथल्याच माणसांचे असावेत. आणि चर्च झाल्यावर तिथे गुडघे टेकणारे कोण होते? साष्टीतलेच कोळी, कुणबी, भंडारी. त्यांचे वंशज आज ईस्ट इंडियन म्हणवतात, घरात मराठीचीच बोली बोलतात, लग्नात हळद लावतात. त्यातल्या किती जणांनी धाकाने धर्म बदलला आणि किती जणांनी मनापासून, ते त्या दगडावरून वाचता येत नाही.

1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाणे घेतले, 1739 च्या मे महिन्यात वसई पडली. आम्ही हा विजय अभिमानाने सांगतो, मीही सांगतो. पण राज्य फिरले तेव्हा साष्टीतल्या ख्रिस्ती घरांमध्ये त्या रात्री काय बोलले गेले असेल, हे आमच्या शाळेत कुणी विचारले नाही. गव्हर्नर-कॅप्टन गेले; शेत आणि जाळे असलेली माणसे कुठे जाणार होती?

हा क्रूस काढून टाकावा, असे म्हणणारे कधीमधी भेटतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. खरवडलेला दगड पुन्हा खरवडल्याने त्याखालचा शिव परत येणार नाही. फक्त दोनशे वर्षे तिथे प्रार्थना केलेल्या आपल्याच माणसांची खूण जाईल.