वजनकाट्यावरची पावती आणि ओळीचा हिशेब

पडद्यावर नवी ओळ सुरू होणे ही एकच क्रिया भासत असली, तरी छपाईयंत्राच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र हालचालींची बेरीज असते: छापणारे हेड डाव्या कडेला परत नेणे, म्हणजे ‘कॅरेज रिटर्न’, आणि कागद एका ओळीइतका सरकवणे, म्हणजे ‘लाइन फीड’. आस्की या संकेतप्रणालीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे 13 आणि 10 आहेत. युनिक्सने ओळीअखेर फक्त 10 ठेवला, डॉस-विंडोजने दोन्ही ठेवले, आणि घोळाचे मूळ येथेच आहे.

ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथील वाचकाला उसाच्या वजनाची पावती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भरवजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन यांच्या चौकटी आधीच छापलेल्या सलग कागदावर, एकाच ठोक्यात खालच्या प्रतीही उमटाव्यात म्हणून, अशा कामाला डॉट मॅट्रिक्स यंत्र सोयीचे पडते. पावती चार इंच उंच आणि इंचाला सहा ओळी धरल्यास तिच्यात 24 ओळी बसतात. प्रोग्रामने प्रत्येक पावतीमागे एकच ओळ जादा सोडली, तरी सहा पावत्यांनंतर मजकूर पुरता एक इंच खाली घसरतो आणि निव्वळ वजन भलत्याच चौकटीत जाऊन बसते. पानाची लांबी 24 ओळी असल्याचे यंत्राला एप्सनच्या ‘एस्केप सी’ आज्ञेने आधी कळवून पावतीअखेर ‘फॉर्म फीड’, म्हणजे क्रमांक 12, पाठवणे हा रिकाम्या ओळी मोजत बसण्यापेक्षा केव्हाही भरवशाचा मार्ग होय.

प्रोग्राम, संगणकप्रणाली आणि यंत्रावरील ‘ऑटो लाइन फीड’ची कळ अशा तिघांनाही ओळ बदलता येते, म्हणून तो अधिकार एकाकडेच ठेवावा लागतो. प्रोग्राम किंवा संगणकप्रणाली यांपैकी कोणीच 13 दिला नाही, तर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात. प्रोग्रामने दोन्ही दिले असता कळही चालू राहिली, तर दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ सुटते. (13 पाठवून 10 मुद्दाम न पाठवल्यास तीच ओळ पुन्हा त्याच जागी ठोकून अक्षर ठळक करता येते, ही मात्र सोय म्हणावी लागेल.)

देवनागरीची गाठ याहून अवघड आहे. यंत्रात देवनागरी अक्षरे नसतील, तर मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो, आणि 24 पिनांचे हेड एका फेरीत 24/180 इंचाचाच पट्टा उमटवते, तर नेहमीची ओळ 30/180 इंचाची असते. कागद तेवढा सरकला, तर अक्षरांतून पांढरी फट जाते, वेलांट्या शिरोरेखेपासून तुटतात, म्हणून ‘एस्केप 3’ आज्ञेने ते अंतर 24 वर आणतात. एवढे करूनही चित्राच्या बाइटांत योगायोगाने 10 आला आणि विंडोजवर सी भाषेतील प्रोग्रामने यंत्राचा मार्ग ‘टेक्स्ट’ पद्धतीने उघडलेला असला, तर त्या 10 च्या आधी 13 आपोआप घुसतो, प्रत्येक उभ्या रेघेचे तीन बाइट पुढे सरकून उरलेला पट्टा विस्कटतो आणि शेवटी शिल्लक राहिलेला बाइट अक्षर समजून छापला जातो. त्यामुळे अशा छपाईसाठी मार्ग ‘बायनरी’ पद्धतीनेच उघडून 13 आणि 10 हाताने लिहावे लागतात.