व्रणांची हजेरी

वर्गात हजेरी घेण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. परंतु फ्लॉरिडातील ब्लू स्प्रिंग या झऱ्यावर जी हजेरी घेतली जाते, तिची तऱ्हा काही निराळीच. हिवाळ्यात सेंट जॉन्स नदीचे पाणी गारठू लागले, की मॅनटी नावाचे अवाढव्य, शाकाहारी जलचर या झऱ्याचा आश्रय घेतात. कारण त्याचे पाणी बारमाही २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि २० अंशांखालील पाण्यात फार काळ राहिल्यास त्यांच्या जिवावर बेतते. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत येथे पन्नासही मॅनटी येत नसत. जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी ९०० हून अधिक मोजले गेले. वेन हार्टली हे उद्यानरक्षक कित्येक हिवाळे लहानशा होडीतून हिंडत एकेकाची नोंद करीत. ओळख पटे ती बहुधा यांत्रिक नौकांच्या पंख्यांनी पाठीवर व शेपटीवर केलेल्या व्रणांवरून! जुना व्रण परत आलेला पाहून हर्ष व्हावा आणि नवा दिसताच मन चरकावे, अशी ही नोंदवही. ज्याच्या अंगावर ओळखण्याजोगी खूणच नाही, तो मॅनटी खरा भाग्यवान. आमच्या वर्गात अनोळखी विद्यार्थी आम्हांस खपत नाही. त्या झऱ्यावर मात्र अशा अनोळखी पाठींची संख्या वाढत जावी, असेच आम्ही इच्छितो.