चाकांच्या खुणा

पुण्यात कुणी ‘मी खंडाळ्याचा’ म्हणाला, की समोरच्याला लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो. आमचं खंडाळा म्हणजे पारगाव-खंडाळा. सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकीच्या पायथ्याचं. तिथून दर रविवारी पहाटे निघायचं, शिरवळ, नीरेचा पूल, खेड-शिवापूर मागे टाकत पुणं गाठायचं आणि दीड तास दहा मीटरच्या रेंजवर नेमबाजी करायची, हा माझा काही वर्षांचा परिपाठ होता. ती रेंज तीन क्लब आळीपाळीने वापरत. अनुभव तिथला आहे आणि तो माझ्यापेक्षा दुसऱ्या क्लबमधल्या एका नेमबाजाचा जास्त आहे.

तो लोणंदकडचा. अपघातात दोन्ही पाय गेले, तेव्हापासून व्हीलचेअरवर. वय तिशीचं, पण रेंजवर सगळे त्याला दादा म्हणत. पुतण्या गाडी चालवायचा, दादा मांडीवर रायफलची पेटी घेऊन बसायचा.

त्याची तयारी बघण्यासारखी असे. लेनवर आला की तो आधी ब्रेक लावून टार्गेटकडे बघायचा. मग ब्रेक काढून खुर्ची बोटभर डावीकडे, पुन्हा ब्रेक. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, डोळे उघडून नळी कुठे रोखली गेलीय ते पाहायचं. पुन्हा बोटभर उजवीकडे. असं पाच-सात वेळा. जागा नेमकी मिळाली की पुतण्या चारही चाकांपाशी जमिनीवर लाल चिकटपट्टीचे तुकडे लावायचा. उभा नेमबाज पावलांनी पवित्रा ठरवतो, दादाची पावलं म्हणजे ती चाकं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. खुर्ची जरा जरी फिरलेली असली, तरी प्रत्येक गोळीला खांद्याने रायफल ओढून आणावी लागते. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात. चाळिसाव्या गोळीला खांदा बोलायला लागतो.

पावसाळ्यातल्या एका रविवारी आमची बॅच त्याच्या आधी होती. व्हरांडा ओला, म्हणून आम्ही पेट्या आणि किटबॅगा आत येण्याच्या उतारावर ठेवल्या. तेवढीच कोरडी जागा होती. त्यातली एक बॅग माझी होती.

दादा वेळेवर आला आणि उताराच्या खाली थांबला. आत आमचं ‘शेवटच्या दोन गोळ्या’ चाललं होतं. दोन मुलांना राहवलं नाही. त्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून तीन पायऱ्या चढवलं. मनाने चांगली मुलं, पण विचारलं कुणीच नाही. लेनवर पोचला तर जमीन स्वच्छ. कुणीतरी कचरा समजून लाल पट्ट्या खरवडून टाकल्या होत्या. त्याच्या नव्वद मिनिटांतली पंचवीस तिथेच गेली.

त्या वेळी तो काही बोलला नाही. सराव संपल्यावर चहा घेताना मला म्हणाला, “काका, एक विचारू? तुमच्या रायफलला मी कधी न विचारता हात लावलाय?”

मी नाही म्हणालो.

“मग माझ्या खुर्चीला का लावतात?”

रेंजवरचा पहिला धडाच हा असतो : दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावायचा नाही. ‘स्टॉप’ ऐकू आलं की बोट घोड्यावरून निघतं, सेफ्टी फ्लॅग लागतो. नेम धरलेल्या माणसाच्या मागून कुणी फिरत नाही. इतकी शिस्त अंगवळणी पडलेल्या आम्हा माणसांना उतारावरची बॅग दिसली नव्हती.

दिव्यांगांचा खेळ आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. नेमबाजी पॅरालिम्पिकमध्ये आली १९७६ साली. टोकियोत अवनी लेखराने १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, पॅरिसमध्ये ते राखलं. टोकियोतच कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर चौथा आला. हातांना बंदुकीचा भार पेलत नाही अशांसाठी ‘एसएच-२’ हा वेगळा गट आहे, त्यात रायफल स्टँडवर टेकवता येते. क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकार आणि क्रीडा यंत्रणांवर टाकली आहे.

आमच्या रेंजवर उतार होताच. बांधणाऱ्याने त्याचं काम केलं होतं, वापरणारे आम्ही कमी पडलो. जिथे एकच क्लब असतो तिथे चूक लगेच कुणाला तरी विचारता येते. तीन क्लब असले की प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याचं काम.

पुढच्या महिन्यात तिन्ही क्लबांची माणसं एकत्र बसली. काय हवं ते दादाने सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. एका कागदावर मावलं. दाराजवळची लेन त्याची, वेळ कुठल्याही क्लबची असो. दोन बॅचच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. उतारावर काहीही ठेवायचं नाही, पावसातसुद्धा. मदत विचारून करायची आणि ‘नको’ म्हटलं तर राग धरायचा नाही. चाकांच्या खुणा रंगाने करायच्या. खर्च आला तो पिवळ्या रंगाच्या एका लहान डब्याचा. बॅगांसाठी भिंतीला खुंट्या मारल्या, त्या आम्हालाच जास्त उपयोगी पडल्या.

तुमचा क्लब रेंज, मैदान किंवा तालीम दुसऱ्यांबरोबर वापरत असेल, तर या रविवारी एवढं करा : उतार कुठे आहे ते बघा, त्यावर ठेवलेलं असेल ते उचला आणि तिथे येणाऱ्या दिव्यांग खेळाडूला काय हवं, ते त्यालाच विचारा.